दगडाखालचं पाणी

उकळता चहा ओतण्याआधी आत थोडं कोमट पाणी फिरवून घ्यायचं असतं. नाहीतर काच तडकते.

विणकाम खात्यात कुणालाही तोंडी नाव नसतं.

तलावाच्या काठी एक चपटा दगड आहे. वरून बसायला छान, खालून पोकळ.

हात वर, पंजा उघडा : माझा धागा तुटलाय, थांब.

टीव्ही इतका मोठ्यानं लावलेला, की वरच्या मजल्यावरच्या बाई काठीनं जमीन ठोकतात.

डोळे मिटले की भांडण संपलं.

मित्रांनो, हे सगळं एका पोटात सांभाळून बसलेला मी एक वय झालेला थर्मास आहे. खांद्याला पोचा आहे, मुठीचा रंग उडालाय, बूच दोनदा बदललंय. माझ्या आत काच आहे, त्यामुळे हादरा बसला की मी असा तुकड्यातुकड्यांनी बोलतो. सावरलो की नीट सांगेन.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका काचकामगारानं गाल फुगवून नळीत फुंकर घातली आणि मी फुगलो. मग एका बाटलीच्या आत दुसरी बसवली, दोघींना आतून चांदीसारखा मुलामा दिला आणि मधली हवा यंत्रानं ओढून घेतली. हे नीट समजून घ्या, कारण माझी सगळी करामत यातच आहे. माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काही म्हणजे काही नाही. हवासुद्धा नाही. त्या काही नसण्यामुळेच आतला चहा गरम राहतो. एरवी जगात ज्याच्या आत काही नाही त्याला लोक पोकळ म्हणून हसतात. मला मात्र त्याच गुणावर कामाला ठेवलं.

एका लग्नात मी भेट म्हणून गेलो. नवरा आणि नवरी दोघंही कापडगिरणीत, विणकाम खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून मला घेतलं होतं. मला देताना त्या सगळ्यांनी तोंडं हलवली आणि कुणाच्याच तोंडून आवाज आला नाही. मला वाटलं, बिचारे मुके आहेत. मग तेच लोक जेवायला बसले आणि असे ओरडून बोलू लागले की माझी काच थरथरली.

त्याचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा नवरी मला पिशवीत घालून कामावर घेऊन गेली.

मित्रांनो, शेकडो माग एकदम चालतात तेव्हा काय होतं ते शब्दात सांगता येत नाही, कारण तिथं शब्दच उरत नाहीत. आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतो, परत येतो, परत आपटतो. जमीन हलते. शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी त्याला फक्त गरम वाफ जाणवते. म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलत. आवाज अजिबात नाही, नुसते ओठ, स्पष्ट आणि सावकाश. आणि नावं हातांची. नवऱ्याच्या भिवया झुडपासारख्या होत्या, म्हणून भिवईवर दोन बोटं ठेवली की तो. नवरीच्या हनुवटीवर तीळ होता, म्हणून हनुवटीला बोट लावलं की ती. मीही त्यांना त्याच नावांनी ओळखतो, भिवईवाला आणि तीळवाली.

धागा तुटला की माग थांबवून तो जोडायला लागतो. अशा वेळी भिवईवाला पंजा वर करायचा. म्हणजे, थांब, माझा धागा तुटलाय. एकेकाकडे दोन माग असत. मग शेजारी उभी तीळवाली त्याच्या दुसऱ्या मागावर लक्ष ठेवायची आणि ओठांनी उत्तर द्यायची, "घ्या जोडून, मी थांबलेय." हे उत्तर ठरलेलं असे. सगळं खातं हेच उत्तर देई. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नाही.

सुट्टीत दोघं पायऱ्यांवर बसून माझ्या झाकणातून आळीपाळीनं चहा घेत. तेव्हा मला मान होता. "यांचा थर्मास म्हणजे थर्मास!" असं लोक म्हणत. अर्थात ओठांनी.

ही सवय त्यांनी घरीही आणली. घरात भांडण झालं तरी बिनआवाजी. शेजारपाजारचे म्हणत, काय गुणाचं जोडपं आहे, कधी चढ्या आवाजात बोलणं नाही! इकडे आत माझ्यादेखत तोंडांची नुसती फटाफट चालू. तीळवाली इतकी भरभर बोलायची की त्याला वाचता यायचं नाही.

"सावकाश भांड ना," तो वैतागून ओठांनीच म्हणायचा, "अर्धं निसटतंय माझ्या हातून."

"अर्ध्यानंच एवढं लागलंय, तर पूर्ण कशाला हवंय?"

आणि अगदीच हरायला आला की तो डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटले की तिचं बोलणं बंद, भांडण संपलं. ती चिडून त्याच्या पापण्या बोटांनी उघडायची आणि मग दोघंही हसत सुटायचे. त्यांची मुलगी याच घरात वाढली. शाळेत ती फळ्याकडे वळलेल्या बाईंच्या पाठीमागे बसून सबंध तास गप्पा मारायची. कधी सापडली नाही.

पण मागाचा आवाज फुकट जात नाही. वर्षांमागून वर्षं तो भिवईवाल्याच्या कानात साचत गेला. घरी आला तरी कानात शिट्टी चालूच. जेवताना शिट्टी, झोपताना शिट्टी. तो चिडका झाला. ताटलीचा आवाज झाला तरी अंगावर धावून जाई. तीळवाली कामाला उशिरा लागली होती, तिचे कान जरा बरे होते. ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी पिशवीत होतो.

डॉक्टर म्हणाले, "गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. पण कानांना विश्रांती द्या. शांत जागी बसत जा."

"विश्रांती काय दुकानात मिळते?" तो बाहेर येऊन म्हणाला.

"दुकानात मिळाली असती तर तुम्ही घासाघीस करत बसला असता," ती म्हणाली. "बरंय फुकट आहे ती."

त्या आठवड्याच्या सुट्टीला ती त्याला शहराबाहेरच्या तलावावर घेऊन गेली. त्या तलावातून कधीकाळी शहराला पाणी मिळायचं, आता कुणी तिकडे फिरकत नव्हतं. काठाला उंच गवत, मध्येच उघडं पाणी आणि तो चपटा दगड.

"इथं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"किती वेळ काही नाही करायचं?"

"चहा संपेपर्यंत."

"मग ओत पटकन."

"थर्मासातला चहा आहे. तो गारही होत नाही आणि मी पटकन ओतणारही नाही. तोच तर डाव आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझा असा उपयोग कुणी केला नव्हता. ती घोटभर ओतायची, बूच लावायची, बसून राहायची. पहिल्या दिवशी तो दगडावर असा चुळबुळत होता, जणू खाली मुंग्या आहेत. पण दुसऱ्या आठवड्याला त्यानंच मला कोमट पाण्यानं विसळलं.

दगड खालून पोकळ होता हे सांगितलंच आहे. वाऱ्यानं पाणी हललं की ते त्या पोकळीत शिरायचं, आत घुमायचं, बाहेर यायचं. एखाद्यानं सावकाश चूळ भरावी तसा आवाज. तीळवालीला तो पहिल्याच दिवशी ऐकू आला. ती त्याच्याकडे वळायची आणि ओठांनी विचारायची, "येतोय?" तो मान हलवायचा. नाही. फक्त शिट्टी. दर आठवड्याला हा प्रश्न आणि हीच मान.

तरी काहीतरी होत होतं. तो येताना ओरडत यायचा आणि जाताना हळू चालायचा. गवताच्या पात्यावर चढणाऱ्या किड्याकडे घटकाघटका बघत बसायचा. मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं, त्या सगळ्या धावपळीतही त्यांनी तलाव चुकवला नाही. एकदा तो म्हणाला, "मला ध्यानबिन काही कळत नाही बुवा. देव आहे की नाही तेही गिरणीत कधी ऐकू आलं नाही. पण इथून निघताना वाटतं, आत कुणीतरी केर काढून गेलंय."

"मग रोज पाय पुसून आत येत जा," ती म्हणाली.

पुढे दोघंही निवृत्त झाले. मागांचा आवाज सुटला आणि कानातली शिट्टीही हळूहळू मागे सरकू लागली. भिंतीआड गेली, मग गल्लीच्या टोकाला गेली.

आणि मग तो दिवस.

सकाळ होती. ढग होते, ऊन नव्हतं. तीळवालीनं स्वतःला अर्धं झाकण चहा ओतून घेतला होता. मी दोघांच्या मधे उभा होतो. माझ्या पत्र्याच्या अंगात दोघंही दिसत होती, जराशी फुगीर, जराशी वाकडी, पण दिसत होती.

भिवईवाल्यानं एकाएकी मान तिरकी केली. श्वास धरला. डोळे मिटले.

त्याच वेळी तीळवालीनं झाकण खाली ठेवलं. डावा हात गळ्याखाली दाबला. तिनं तोंड उघडलं. आवाज काढून बोलणार होती, मला तिच्या गळ्याची हालचाल दिसली.

त्यानं पंजा वर केला.

थांब.

ती थांबली. तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली, आवाज नाही. मग तिनं मान मागे दगडामागच्या उंचवट्यावर टेकली. झाकणातला चहा सांडला नव्हता. खाली पाणी चूळ भरत होतं आणि तो ऐकत होता. कितीतरी वर्षांनी, पहिल्यांदा. त्याच्या झुडुपी भिवया हळूहळू वर चढत गेल्या, लहान मुलाच्या चढतात तशा.

"आलं!" तो ओरडला. "आलं गं! ऐकू आलं! खरंच चूळ भरतंय की!"

मग त्यानं डोळे उघडले.

मित्रांनो, यापुढचं मी थोडं गाळतो.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की लक्ष गेलं असतं तरी काही करता आलं नसतं, एवढ्या झटक्यात सगळं आटोपलं होतं. हे त्याला पटलंही असतं. पण समोरच्या काठावर गळ टाकून एक माणूस बसलेला होता. हाक ऐकून तोच धावत आला, त्यानंच माणसं बोलावली, चांगला माणूस. आणि भेटायला घरी आला तेव्हा चांगुलपणानंच म्हणाला, "मी पाहत होतो ना. त्या काहीतरी बोलत होत्या तुमच्याशी. ओठ हलत होते त्यांचे. मला वाटलं, तुमचं बोलणं चाललंय."

ते वाक्य भिवईवाल्याच्या आत गेलं ते बाहेर आलंच नाही.

मुलगी त्याला आपल्या घरी घेऊन गेली. मीही सामानात गेलो. तिथं त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की टीव्ही लावला. मोठा, मग आणखी मोठा. टीव्ही बंद झाला की रेडिओ. रेडिओ बंद झाला की नळ सोडून ठेवायचा. शांतता त्याला चालेना. ज्या माणसानं आयुष्यभर आवाज सोसून शेवटी शांतता मिळवली होती, तो तिच्यापासून अंग चोरून पळत होता.

"बाबा, वरच्या बाई पुन्हा काठी आपटतायत."

"आपटू दे. बरं वाटतं."

"अहो, मला फोनवर ऐकू येत नाही."

"ओठ हलव. मी बघतो."

जावईबापू भला माणूस. कानात कापूस घालून पेपर वाचायचा आणि बायकोला खुणेनं विचारायचा, "जेवण?" तीही खुणेनंच उत्तर द्यायची. एका परीनं त्या घराची गिरणीच झाली होती.

मला मुलीनं माळ्यावर टाकलं. घाईत बूच घट्ट लावून. आत शेवटच्या चहाचे चार थेंब राहिले होते. मित्रांनो, गरम ठेवणं हा माझा गुण, पण बंद करून ठेवलं की जे आत आहे तेच मी सांभाळत बसतो. ते चार थेंब आंबले, वाळले, त्यांचा वास माझ्या काचेत मुरला. कुणी मला फेकलं नाही, फोडलं नाही. नुसतं विसरले. मी माळ्यावरून ऐकत राहायचो, खालचा टीव्ही आणि टीव्हीच्या मध्येमध्ये त्याचं खोकणं.

एके दिवशी मुलीनं जुन्या चादरी काढताना मला ओढलं. बूच उपसलं, वास घेतला आणि तशीच स्टुलावर बसली. मग माझ्यात व्हिनेगर घातलं, गरम पाणी घातलं, पुन्हा पुन्हा विसळलं. नवा चहा भरला. बाहेर आली आणि टीव्ही बंद केला.

"चला."

"कुठं?"

"माहितीय तुम्हाला कुठं."

"मी नाही येणार तिथं."

"मग मी एकटीच जाऊन बसते. माझी आई होती ती."

तो उठला. चपला शोधायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्या दारातच होत्या.

दगड तसाच होता. गवत वाढलं होतं. मुलगी आईच्या जागेवर बसली आणि मला मधे ठेवलं. तो बसला, पण डोळे मिटेना. टक लावून मुलीच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बाबा, मी बोलत नाहीये काही."

"बोललीस तर?"

"तर मोठ्यानं बोलेन."

"ती नाही बोलली मोठ्यानं." त्यानं पंजा वर धरून दाखवला. "मी हात वर केला, पोरी. थांब म्हटलं तिला. ती हाक मारत असणार आणि मी डोळे मिटून पाणी ऐकत बसलो. पाणी!"

हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.  मुलीनं झाकण भरून त्याच्या हातात दिलं.

समोरच्या काठावर तोच गळवाला होता. त्यांना पाहून तो गळ गुंडाळून वळसा घालून आला. ओशाळल्यासारखा उभा राहिला.

भिवईवाला त्याला म्हणाला, "एक काम कराल? तिचे ओठ कसे हलत होते, तसे हलवून दाखवा."

"काका, इतक्या लांबून..."

"जमेल तसे. मला वाचता येतात."

"बाबा, नको," मुलगी म्हणाली.

पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? गळवाला समोर उकिडवा बसला. त्याला काय माहीत होतं? मरणाऱ्या बाईच्या ओठांवर कोणीही जे धरून चालेल, तेच त्यानं केलं. त्यानं ओठ उघडले, गोल केले. पुन्हा उघडले, पुन्हा गोल.

भिवईवाल्यानं वाचलं.

"अहो," तो हळूच म्हणाला. "अहो, अहो. मलाच हाक मारत होती."

मित्रांनो, मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. त्या दिवशी तिचे ओठ माझ्या अंगात उमटले होते आणि ते गळवाल्यासारखे हलले नव्हते. पण माझं तोंड फक्त ओतायला आहे. मुलीनं माझं बूच काढलं, मी वाफ सोडली, बस्स. आयुष्यात एवढा निरुपयोगी मी माळ्यावरही नव्हतो. तो ढसाढसा रडला. गळवाला बिचारा "चुकलं का माझं काही?" असं विचारत राहिला आणि मुलीनं त्यालाही चहा दिला.

वाटलं होतं, आता तो इकडे पाऊल टाकणार नाही. पण पुढच्या सुट्टीला त्यानं मला फडताळातून काढलं. कोमट पाणी फिरवलं. मुलीला म्हणाला, "हाक मारली होती तिनं. तेव्हा गेलो नाही, आता तरी जाऊन बसतो."

तो जाऊ लागला. कधी मुलगी सोबत, कधी एकटा. सुरुवातीला डोळे सताड उघडे, शेजारच्या रिकाम्या जागेवर. पाण्यानं चूळ भरली की त्याला राग यायचा. एकदा त्यानं पाण्यात खडा मारला. पाण्यानं तो घेतला, थोडं हललं आणि पुन्हा आपलं काम करू लागलं. पाण्याला राग येत नाही याचाही त्याला राग आला. मग तोही थकला. गवत पिवळं झालं, आडवं पडलं, खालून पुन्हा हिरवं आलं. तो बघत होता. त्याचा श्वास लांब होऊ लागला, हे मला कळायचं, कारण तो मला मांडीवर धरून बसायचा.

आणि एका सकाळी, तिकडे गळवाला आपल्या जागी, इकडे मुलगी बाजूला, त्यानं स्वतःहून डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मुलीनं काळजीनं त्याच्या गुडघ्याला हात लावला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. केर काढतंय कुणीतरी. थांब जरा."

दुःख गेलं नाही. कचरा म्हणून टाकण्यासारखं ते नव्हतंच. पण त्याच्याभोवती झाडून झालं होतं, एवढं मात्र खरं. घरी टीव्हीचा आवाज खाली आला. वरच्या बाई चौकशी करायला आल्या की सगळं ठीक आहे ना.

आता माझी काच म्हातारी झालीय. पूर्वीसारखी ऊब धरत नाही. एखाद्या सकाळी तडकेन आणि माझं पोट खुळखुळ्यासारखं वाजेल. तोवर एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातला थर्मास रिकामा झाला की तो धुवा, उपडा ठेवा आणि बूच बाजूला काढून ठेवा. वारा आत जाऊ द्या. घरात एखादं म्हातारं माणूस मोठ्यानं टीव्ही लावून बसलं असेल, तर त्यालाही कुठेतरी पाण्याकाठी नेऊन बसवा. काही विचारू नका. चहा सावकाश ओता.

त्या ढगाळ सकाळी, त्यानं पंजा वर केला तेव्हा, तिच्या ओठांवर होतं : घ्या जोडून, मी थांबलेय.